वादळ ओसरल्यावर दार कुणाचे ठोठवायचे?

(आपल्या मंडळाच्या हुमनाबाद येथील सभेत एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण. बोलण्याची मांडणी तशीच ठेवली आहे.)



अध्यक्षांनी मला विषय दिला तो असा, की वादळ-पाऊस-गारपीट होऊन गेल्यावर आपल्या माणसाला मदत कुठे मिळते आणि ती कशी मागायची. मी काही सरकारी अधिकारी नाही. आयुष्य मास्तरकीत गेले, शेती वडिलोपार्जित. पण निवृत्त झाल्यापासून लोकांच्या अर्ज्या लिहून देण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले. ज्याला दोन अक्षरे सुवाच्य लिहिता येतात त्याच्या ओसरीवर आपल्याकडे लोक बसतातच. त्या ओसरीवर बसून जे कळले तेवढेच सांगतो.

आपल्या भागाला समुद्र नाही, मोठी नदी दाराशी नाही, तेव्हा वादळ म्हणजे कोकणातली गोष्ट असे आपण समजत आलो. ते आता खरे राहिलेले नाही. 2009 च्या सप्टेंबरअखेरीस उत्तर कर्नाटकात जो पाऊस कोसळला तो आठवा. मार्च 2014 ची गारपीट आठवा. मराठवाड्यापासून बिदर, गुलबर्गा, विजापूरपर्यंत काढणीला आलेला हरभरा आणि ज्वारी आडवी झाली होती. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातले वादळ काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढले आणि तेलंगण ओलांडून थेट कलबुर्गी-सोलापूरपर्यंत आले. भीमेला पूर आला. आणि 2025 चा पावसाळा तर कुणीच विसरणार नाही. ऑगस्टअखेरीस बिदर जिल्ह्यात, सप्टेंबरात भीमाकाठी अफझलपूर-जेवर्गीकडे, आणि सीमेपलीकडे लातूर, धाराशिव, सोलापूर. मूग-उडीद गेला, सोयाबीन गेले, तुरीच्या मुळाशी पाणी साचून उभे पीक पिवळे पडले.

आता मुद्द्यावर येतो. वादळानंतर आपला माणूस पहिल्यांदा काय करतो? पुढाऱ्याकडे जातो. पुढारी म्हणतो, बघतो. पुढाऱ्याचे हे “बघतो” अगदी खोटे असते असे नाही, पण त्यात आपले तीन दिवस जातात, आणि हे तीन दिवसच महत्त्वाचे असतात.

कारण पीकविम्याचा नियम 72 तासांचा आहे. प्रधानमंत्री फसल बिमा योजना 2016 च्या खरिपापासून आहे, खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता दोन टक्के, रब्बीला दीड टक्का. गारपीट, ढगफुटी, रानात पाणी तुंबणे असे आपल्यापुरते नुकसान झाले, किंवा कापून रानात वाळत टाकलेले पीक कापणीपासून चौदा दिवसांच्या आत भिजले, तर 72 तासांच्या आत कळवावे लागते. 14447 या क्रमांकावर कळवता येते, बँकेत कळवता येते, कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात कळवता येते. कळवल्याचा नोंद क्रमांक कागदावर लिहून ठेवायचा. “मी फोन केला होता साहेब” एवढ्याने भागत नाही. ज्यांनी विमा उतरवलाच नाही त्यांना यातले काही मिळत नाही, हे सांगायला मला वाईट वाटते. पण आपल्या जुन्या घरांतच विम्याचा कंटाळा जास्त आहे. बापजाद्यांनी कधी विमा उतरवला होता, असे म्हणणारे माझे स्वतःचे थोरले बंधू आहेत.

विमा वेगळा आणि सरकारी परिहार वेगळा. याची गल्लत फार होते. परिहार म्हणजे आपत्ती निवारण निधीतून मिळणारी रक्कम. त्या निधीत केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के. तिला विम्याची अट नाही, पण नुकसान 33 टक्क्यांच्या वर असले पाहिजे. पूर्वी ही अट 50 टक्के होती, 2015 मध्ये ती खाली आणली. 2014 च्या गारपिटीत आमच्या हरभऱ्याच्या पंचनाम्यावर एका कर्मचाऱ्याने 45 टक्के लिहिले. रान पाहायला कुणी आले नव्हते, रस्त्यावरून नजर टाकली असेल. त्या पाच टक्क्यांनी आमच्या गल्लीतली बरीच घरे बाहेर राहिली. तेव्हा मला नियमच ठाऊक नव्हता, म्हणून मी सहीही करून दिली. म्हणून आज सांगतो, पंचनाम्याला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत महजराला, घरातला कर्ता माणूस रानात हजर पाहिजे, आणि आकडा वाचल्याशिवाय सही करायची नाही.

दर किती? 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेला दर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि फळबागेसारख्या बहुवर्षायू पिकाला 22,500 रुपये होता, तोही दोन हेक्टरपर्यंतच. 2025 च्या पुरानंतर कर्नाटक सरकारने त्यावर हेक्टरी 8,500 जास्त जाहीर केले, म्हणजे कोरडवाहूला 17,000 झाले. महाराष्ट्राने 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात कोरडवाहूला हेक्टरी 18,500 धरले आणि मर्यादा तीन हेक्टर ठेवली. रान खरडून गेले त्यांना हेक्टरी 47,000 रोख आणि वर रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे, असेही त्यात होते.

हे आकडे मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवतो. आपल्यात असे बोलणारे पुष्कळ आहेत की आपण पलीकडे असतो तर सगळे मिळाले असते. पलीकडे हेक्टरी दीड हजार जास्त मिळाले असते, मोठ्या खातेदाराला आणखी एक हेक्टर मिळाला असता, रान खरडलेल्याला बरेच जास्त मिळाले असते. हा फरक आहे आणि तो आपण इथल्या सरकारपुढे मांडला पाहिजे. पण निलंग्याच्या आणि उमरग्याच्या आपल्या सोयऱ्यांना विचारा, पंचनाम्यासाठी त्यांनीही तेवढ्याच चकरा मारल्या.

यातच एक गोष्ट आपल्या घरांना लागू होणारी आहे आणि ती कुणी सांगत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले. हुमनाबाद, भालकी, औराद इकडे राहिले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. जमिनी मात्र आजोबांनी घेतल्या तिथेच आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे घर हुमनाबादला आणि पाच-दहा एकर रान निलंग्याकडे असते. अशांनी लक्षात ठेवावे की परिहार राहत्या घरावरून ठरत नाही. जमिनीचा उतारा ज्या राज्यात आहे ते राज्य देते. तुमचा मतदारयादीतला पत्ता कर्नाटकातला असला तरी तिकडच्या सातबाराचे नुकसान तिकडच्या तलाठ्याकडेच नोंदवायचे, आणि इकडच्या पहाणीचे इकडे. 2025 ला आपल्या ओळखीतल्या दोन घरांनी “आम्ही कर्नाटकातले, आम्हाला तिकडे कोण देणार” म्हणून अर्जच केला नाही. तिकडे त्यांच्या चुलत्यांना मिळाले, यांना नाही.

कागदांकडे वळतो. इथे जुन्या घराण्यांचेच जास्त नुकसान होते, हे स्पष्टच बोलतो. काल-परवा जमीन घेतलेल्या माणसाची पहाणी त्याच्या नावावर असते, बँकेला जोडलेली असते, फ्रूट्स आयडी काढलेला असतो. आपल्याकडे? पहाणीवर आजोबांचे नाव. आजोबा वारून तीस-तीस वर्षे झाली. वाटण्या तोंडी. एक भाऊ हैदराबादेत, एक पुण्यात, बहिणी लातूर-सोलापूरला दिलेल्या. संगणकाला हे काही कळत नाही. कर्नाटकात परिहाराची रक्कम पहाणीवरचे नाव, फ्रूट्समधला सर्व्हे नंबर आणि आधार जोडलेले खाते या तिन्हींचा मेळ बसला तरच जमा होते. मयत माणसाच्या नावावर ती अडकून पडते. तेव्हा पौती खाते, म्हणजे वारसाची नोंद, वादळ येण्याआधी करून घ्या. पुण्याच्या भावाला गणपतीला बोलावता ना, त्याच दिवशी सह्या घ्या. भावाभावांत अबोला असेल तर या एका कामापुरता तो सोडा. जमीन वाटायची नसेल तर नका वाटू, संयुक्त नोंद करा, पण जिवंत माणसांची नावे चढवा.

खात्याची आणखी एक गंमत. आमच्या एका काकूंचे पैसे जमा झाले म्हणून संगणक सांगत होता आणि पासबुकात काही येत नव्हते. चार महिने शोधाशोध झाली. शेवटी उलगडा झाला की मुलाकडे हैदराबादला राहायला गेल्या असताना गॅसच्या अनुदानासाठी तिथे एक खाते काढले होते, त्यालाच शेवटचे आधार जोडलेले. पैसे तिथे पडून होते. आधाराने येणारी रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. तुम्ही अर्जावर कोणते खाते लिहिले ते तिथे चालत नाही. बँकेत जाऊन एकदा विचारून घ्या.

घरांबद्दल. आपली जुनी घरे माळवदाची, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची. तुम्हाला माहीत आहे, अशी भिंत नेहमी पावसातच पडते असे नाही. कधी कधी पाऊस उघडून ऊन पडले की मग फुगलेली भिंत सुटते आणि कोसळते. तोवर पाहणी पथक येऊन गेलेले असते. म्हणून पाऊस थांबल्यावर आठवडाभर भिंतीवर लक्ष ठेवा, पोक पडलेली दिसली तर त्या खोलीत पोरांना झोपवू नका, आणि भिंत मागाहून पडली तरी त्याच दिवशी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी कळवा. पूर्ण पडलेल्या घराला केंद्राच्या दराने 1,20,000 रुपये होते, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. एवढी दरी आहे! म्हणून “अंशतः” आणि “पूर्ण” या दोन शब्दांवर भांडण होते. राहण्यालायक काही उरलेले नसेल तर इंजिनिअरची पाहणी लेखी मागा. घरात दोन दिवसांच्या वर पाणी राहिले असेल तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 असेही होते, ते फार थोड्यांनी मागितले. दुभती म्हैस किंवा गाय गेली तर 37,500, बैल गेला तर 32,000, शेळी-मेंढी 4,000. पण पशुवैद्याचा दाखला पाहिजे. आपण मेलेले जनावर लगेच पुरतो, ते साहजिक आहे, वास सुटतो. पुरण्याआधी डॉक्टरला दाखवा. माणूस गेला तर वारसाला चार लाख होते. त्या दुःखात शवविच्छेदनाचे नाव काढवत नाही, बायका नको म्हणतात. तिथे शेजाऱ्याने पुढे व्हावे. तो कागद नसला तर मागाहून त्या घराला कुणीच काही देऊ शकत नाही.

आणि शब्दाची आणखी एक बाब. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत पूर, गारपीट, ढगफुटी, चक्रीवादळ आहे. नुसत्या सोसाट्याच्या वाऱ्याने पत्रे उडाले तर ते त्या यादीत सरळ बसत नाही. राज्याला आपल्या निधीतला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तीसाठी वापरता येतो, त्यातून ते करावे लागते. म्हणून अर्जात “वादळाने नुकसान झाले” असे मोघम लिहू नका. गारा पडल्या असतील तर गारा लिहा, पाणी शिरले असेल तर किती फूट आणि किती दिवस ते लिहा. खोटे लिहू नका. एका खोट्या अर्जाने गावाची सगळी यादी संशयात येते, हे मी पाहिले आहे.

आता भाषेचा प्रश्न. हा आपल्या मंडळाचा नेहमीचा प्रश्न आहे आणि तो इथेही येतोच. 2014 ला मी मराठीत लिहिलेली अर्जी एका कचेरीत माझ्या हातात परत दिली होती. “कन्नडात आणा.” मी परत आलो. तो माझा अडाणीपणा होता. राज्यघटनेचे 350 वे कलम सांगते की आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत छापाव्यात, हेही देशाच्या पातळीवर मान्य झालेले आहे. नुकसानीच्या याद्या आणि हरकतींच्या तारखा पंचायतीच्या फळ्यावर लागतात, त्या आपल्या म्हाताऱ्या माणसाला वाचता आल्याच पाहिजेत. ही मागणी मंडळाने जिल्हाधिकाऱ्यांकडे लावून धरावी, असा माझा ठराव आहे.

पण वादळाच्या आठवड्यात मी वेगळे सांगेन. त्या आठवड्यात अर्ज कन्नडात द्या. सोबत मराठीतली प्रत जोडा, पोच घ्या, पण कन्नड अर्ज वर ठेवा. आपल्या घरातली पोरे कन्नड शाळेत शिकलेली आहेत, सुंदर लिहितात. तत्त्वाची लढाई लढायला वर्ष आहे, पंचनामा आठ दिवसांत संपतो. काही तरुण मित्रांना हे पटणार नाही, त्यांनी मागाहून माझ्याशी भांडावे. शेजारची कन्नड मंडळी, मुसलमान मंडळी यांचीही तुरी त्याच पाण्यात सडली आहे, आणि यादीत नाव चढवताना एका गल्लीच्या सगळ्यांनी मिळून गेले की कचेरीत वेगळे ऐकले जाते.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलतो. बोलू की नको असा विचार घरून निघेपर्यंत चालला होता.

आपल्यापैकी किती जण स्वतः नांगर धरतात? हात वर करायला सांगत नाही. आपली रानं बटईने आहेत. कर्नाटकात 1974 च्या दुरुस्तीनंतर कुळाने जमीन देण्यावर बंदी आली, म्हणून बटई सगळी तोंडी. कागदावर नाव लावले तर जमीन जाईल ही भीती आपल्या बापांनी पाहिलेली आहे, ती मी खोटी म्हणत नाही. पण त्याचा परिणाम काय होतो बघा. बी त्याचे, अर्धे खत त्याचे, बायका-पोरांची मेहनत त्याची; गारा पडतात, पीक जाते; आणि परिहार येतो तो पहाणीवरच्या नावाला. म्हणजे आपल्याला. तो सरकारच्या कोणत्याच यादीत नसतो. विम्याच्या नियमात बटईदाराला जागा आहे, पण कागद आपण देत नाही.

2020 च्या पावसानंतर माझ्या खात्यात तेरा-चौदा हजार रुपये आले. माझे रान जो करतो त्याला ते माहीत होते. गावात सगळ्यांना सगळे माहीत असते. तो बोलला नाही. मीही बोललो नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तो तिळगूळ घेऊन आला, पाया पडला, गुरुजी म्हणाला, आणि गेला. सौभाग्यवतीने मला विचारले, त्याचे द्यायचे नाही का? मी म्हणालो, करारात असे काही ठरले नव्हते. हे उत्तर देताना मला माझाच आवाज कचेरीतल्या त्या कारकुनासारखा ऐकू आला. मग मी अर्धे नाही, दोन तृतीयांश दिले, कारण खर्च त्याचा जास्त होता. उशिरा दिले. तोवर त्याने खत-बियाण्याच्या दुकानदाराकडून व्याजाने उचल केलेली होती.

2025 ला पैसे आले त्या आठवड्यात आम्ही दोघे मिळून बँकेत गेलो. आणि यंदापासून पेरणीच्या वेळीच साध्या वहीत लिहून ठेवतो, परिहार आला तर कुणाचा किती, विमा आला तर कुणाचा किती. स्टँप नाही, वकील नाही, खाली दोघांच्या सह्या. माझी एवढीच विनंती आहे की मंडळाच्या सभासदांनी आपापल्या घरी अशी वही करावी. जमत नसेल तर मला विचारा, मी नमुना लिहून देतो.

बाहेरून मदत पाठवणाऱ्यांसाठी दोन शब्द. पुण्या-मुंबईची, हैदराबादची आपली मंडळी फोन करतात, काय पाठवू? 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात आपण सगळे धावलो होतो. तेव्हा रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले मी डोळ्यांनी पाहिले. कपडे पाठवू नका. ताडपत्री पाठवा, रब्बीचे बियाणे पाठवा, जनावरांचा कडबा पाठवा. आणि सुट्टी काढून दोन दिवस येऊन लोकांचे अर्ज संगणकावर भरून द्या. आमच्या ओसरीवर त्या दिवसांत सत्तर-ऐंशी माणसे बसलेली असतात आणि मोबाइल नीट चालवणारा पोरगा एकच असतो.

पीककर्ज घेतलेल्यांनी बँकेत लेखी अर्ज द्यावा. आपत्तीत 33 टक्क्यांच्या वर नुकसान जाहीर झाले की कर्जाचे हप्ते पुढे ढकलून पुनर्रचना करण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. बँक आपणहून सांगेलच असे नाही.

दर रविवारी सकाळी दहा ते एक मी मंडळाच्या कार्यालयात बसेन. येताना पहाणी किंवा सातबारा, आधार, पासबुक आणि घरातल्या वारलेल्या खातेदाराचा मृत्यूचा दाखला घेऊन या. ज्यांची रानं बटईने आहेत त्यांनी बटईदारालाही बरोबर आणावे. चहा मंडळाकडून आहे, असे खजिनदारांनी आत्ताच मान हलवून सांगितले.